कोरडं वजन

रिझेच्या डोंगरांवर चहा पिकतो,
आणि माझ्या वहीतल्या चौदा माणसांना
दिवसाला एकच पेला परवानगी आहे.
तोही लहान, कमरेत चिमटलेला,
अर्ध्यावर भरलेला.

पहाटे साडेपाचला आमची गाडी वळणं घेत वर जाते,
एकेका फाटकाशी थांबते.
धुक्यातून आधी काठी येते, मग माणूस.
ड्रायव्हर नेजमी कधी हॉर्न वाजवत नाही.
म्हणतो, येणारा येतोच,
न येणाऱ्यासाठी वाजवून काय करू?

मी वजन घेते.
कोरडं वजन वेगळं, आजचं वेगळं,
मधल्या फरकात सगळा कबुलीजबाब असतो:
पुतणीचं लग्न, खारवलेली मासळी,
कुणीतरी आग्रहाने पुढे केलेलं कलिंगड.
"तीन किलो आठशे वर, दुर्सुनकाका."
"पाऊस मुरला असेल अंगात," ते म्हणतात.
इथे पाऊस बारा महिने,
म्हणून ही थाप त्यांना बारा महिने पुरते.

अंकाराहून तक्ता आला आहे:
कोण जगलं, कोण नाही, आणि कशामुळे.
वय. साखर. रक्तातलं अल्ब्युमिन, फॉस्फरस.
सुई हातात, की नळी मानेत.
घरी कोण वाट बघतं, हा रकाना नाही.
मी पेन्सिलीने भरते.
पेनाने लिहायला हात धजत नाही.

दुर्सुनकाकांच्या ओळीत
एकूण एक आकडा त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो.
एकाहत्तर वर्षं. एक पाऊल मधुमेहाने नेलेलं.
हृदय जुन्या पोत्यासारखं सैल.
त्यांच्याआधी तीन भावंडं पाळण्यातच गेली,
म्हणून आईने नाव ठेवलं दुर्सुन,
म्हणजे, हा तरी राहू दे.
कुणाला सांगितलं ते तिलाच ठाऊक,
पण ज्याने ऐकलं तो अजून शब्दाला जागतो.

यालचिनच्या ओळीत मात्र भरण्यासारखं फार नव्हतं.
चौतीस वर्षं. साखर नाही.
फक्त मानेत नळी.
हाताची शस्त्रक्रिया तीनदा ठरली,
तीनदा चहाची तोडणी आडवी आली.
"याच हाताने पोती उचलतो, ताई,
हा तुम्हाला दिला तर मला काय उरलं?"
मी दुर्सुनकाकांचं मनगट त्याच्या कानाशी नेलं:
ऐक, कातडीखाली रक्त कसं मधमाशीसारखं गुणगुणतं.
त्याने ऐकलं, अगदी डोळे मिटून.
मग म्हणाला, पुढच्या महिन्यात नक्की.

सोमवार, बुधवार, शुक्रवार आम्ही रक्त धुतो.
शुक्रवारनंतर एक दिवस जास्तीचा पडतो.
एवढंच. एका दिवसाची फट.
तिच्यातून पाणी चढतं, पोटॅशियम चढतं,
तापाला कुणी विचारणारं नसतं.
आठवडा सात दिवसांचा ज्याने कुणी केला
त्याने मूत्रपिंडाला विचारलं नव्हतं.

त्या सोमवारी नेजमी फाटकाशी थांबला.
थांबला.
मग त्याने हॉर्न वाजवला.

शनिवारी थंडी वाजत होती, बायको म्हणाली,
आम्हाला वाटलं, भिजल्याची.

तक्त्यात कारणासाठी बोटभर जागा आहे.
मी लिहिलं, जंतुसंसर्ग.
तोडणी, पोती, पुढचा महिना,
हे त्या बोटभर जागेत बसेना.
फळ्यावर त्याचं कोरडं वजन अजून आहे,
एकसष्ट किलो.
पुसायचं काम माझंच, डस्टरही माझ्याच टेबलावर.

बुधवारी दुर्सुनकाका काट्यावर चढले.
जेमतेम सव्वा किलो वर.
"आज पाऊस मुरला नाही वाटतं?"
ते काही बोलले नाहीत.
शेजारच्या खुर्चीवरची चादर
त्यांनी एका हाताने सारखी केली,
आणि दुसरा हात माझ्यापुढे केला.

संध्याकाळी तक्ता पेनाने गिरवायला बसले.
एकेक ओळ पक्की करत गेले.
दुर्सुनकाकांची तेवढी
पेन्सिलीतच ठेवली.